इंजिनचा एक बोल्ट हरवला तर काय बिघडतं? जुनी गाडी बांधायला काढण्याआधी हे वाचा

घरात वडिलांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मोठ्या हौसेने तुम्ही तिचं इंजिन खोलायला दिलं. ब्लॉक बोरिंगला गेला, हेड मशीनिंगला गेलं, पार्ट्स यायला तीन महिने लागले. शेवटी फिटिंगचा दिवस उजाडला आणि डब्यात हात घातला तर पाच बोल्ट कमी!

मेकॅनिक म्हणतो, "साहेब, टेन्शन घेऊ नका. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणतो."

नेमकी इथेच बऱ्याचदा माती होते. दहा-वीस रुपयांचा चुकीचा बोल्ट हजारो रुपयांच्या हेडची वाट लावू शकतो. कसं ते समजून घेऊ.

गाडी कुठली, यावर आटे ठरतात

बोल्टच्या अंगावरच्या चक्राकार खाचांना आपण आटे म्हणतो, गॅरेजमध्ये त्यालाच चुडी म्हणतात. सगळे आटे सारखे नसतात.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, पण तिचं मूळ इटलीतल्या फियाट ११०० मध्ये. त्यामुळे तिच्या इंजिनाचा कारभार मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरमध्ये. अँबेसिडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे बोल्ट इंचात. विलिस जीप अमेरिकन, तिथेही इंचच. पुढे १९९० च्या दशकात अँबेसिडरला जपानी इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं आणि त्याच गाडीत मेट्रिक बोल्ट घुसले.

जुने मिस्त्री अजूनही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "अडीच सुताचा बोल्ट दे" म्हणजे ५/१६ इंच, म्हणजेच ७.९४ मिमी.

आता गंमत बघा. ७.९४ आणि ८ मिमीमध्ये फरक किती? केसाएवढा! अडीच सुताच्या बारीक आट्याच्या बोल्टला एका इंचात २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिमी अंतर. ८ मिमीच्या बारीक आट्याच्या बोल्टमध्ये हेच अंतर १ मिमी. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा दोन-तीन फेरे आरामात जातो आणि मग अडकतो. माणसाला वाटतं गंज असेल, तो पाना लावून जोर देतो आणि भोकातले आटे खलास.

इंग्लंडच्या जुन्या एमजी टीसी या स्पोर्ट्स कारमध्ये तर याहून मोठा घोळ आहे. तिच्या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोक्याला पाना बसतो इंची! कारण ते इंजिन ज्या कारखान्यात बनायचं, तो आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि तिथली यंत्रं मेट्रिक आट्यांची होती. त्यामुळे 'पाना कुठला बसतो' यावरून आटे ओळखू नका.

मग मोजायचं कसं?

व्हर्निअरने जाडी आणि लांबी मोजा, पिच गेजने दोन आट्यांतलं अंतर. पिच गेज हे चाकूसारख्या पात्यांचं स्वस्त हत्यार आहे. जे पातं आट्यांत फट न राहता चपखल बसेल, ते तुमचं माप.

नुसतं "१० मिमीचा बोल्ट द्या" म्हणू नका. १० मिमीत १.५, १.२५ आणि १ असे वेगवेगळे आटे मिळतात. दुकानदार सहसा १.५ चा काढून देतो, इंजिनात मात्र बऱ्याचदा १.२५ चा लागतो.

बोल्ट सापडलाच नाही तर शेजारच्या भोकातला काढून मोजा. नवीन बोल्ट आधी हाताने फिरवा. पूर्ण खोलीपर्यंत बोटांनी गेला तरच तो बरोबर.

डोक्यावरचा आकडा वाचा

मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असं कोरलेलं असतं. तो त्याच्या ताकदीचा दाखला आहे. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ओढ, ढोबळमानाने ८० किलो, लागल्यावर तो तुटतो. दुसरा ८ सांगतो की त्या ओढीच्या ८० टक्क्यांवरच तो कायमचा ताणला जातो. या हिशोबाने ८ मिमीचा ८.८ बोल्ट सुमारे तीन टनांना तुटतो.

इंची बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात. अमेरिकन पद्धतीत तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट ग्रिलला वापरा, इंजिनाला नको.

"स्टेनलेस स्टीलचा टाकू, गंजणार नाही" हा मोह अनेकांना होतो. पण बाजारातला नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमकुवत असतो. शिवाय ॲल्युमिनियममध्ये तो वर्षानुवर्षं बसला आणि ओल लागत राहिली, तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचंच आहे.

लांबीतही धोका आहे

बोल्ट आखूड असेल तर चार-पाच आट्यांवर सगळा भार येतो आणि मऊ ॲल्युमिनियम उपटून निघतं. तिथे बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट आटे आत गेले पाहिजेत.

लांब असेल तर तो बंद भोकाच्या तळाला टेकतो. पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण कव्हर दाबलंच गेलेलं नसतं आणि तेल गळत राहतं. भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर आणखी वाईट. द्रव दबत नाही, त्यामुळे बोल्ट कसताना ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. म्हणून फिटिंगआधी प्रत्येक भोक हवा मारून साफ करा.

कुठे चालवून घ्यायचं, कुठे नाही?

टॅपेट कव्हर, ऑइल चेंबर, वॉटर पंप, टायमिंग कव्हर इथे माप बरोबर असेल तर चांगल्या कंपनीचा ८.८ बोल्ट बिनधास्त वापरा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर असे बोल्ट ढिगाने मिळतात.

कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग कॅप, फ्लायव्हील आणि हेड या चार जागी मात्र तडजोड नाही. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला १६० वेळा दिशा बदलतो आणि रॉडचे दोन बोल्ट तो झटका सोसतात. त्यातला एक तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग बांधायला इंजिनच उरत नाही. इथे त्याच इंजिनासाठी बनवलेले बोल्टच घ्या, तेही पूर्ण सेट, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने कसा.

आटे आधीच गेले असतील तर जाड बोल्ट ठोकू नका. टर्नरकडून हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेची स्प्रिंग, बसवून घ्या. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा बसतो.

सगळ्यात सोपा उपाय

पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतपणे बाद झाली. या गाड्यांचे अस्सल बोल्ट आता दिवसेंदिवस दुर्मीळच होणार. तेव्हा आहेत ते जपा.

इंजिन खोलताना जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढा, भोकं पाडा आणि ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचा. तीन महिन्यांनी कोणता कुठला, हे मेकॅनिकलाही विचारावं लागणार नाही. आणि ते खोकं गॅरेजमध्ये सोडू नका, घरी घेऊन या!