सरकारची अब्रू आणि समुद्रावरील नुकसानी

आपल्या घरच्या माणसाच्या हातून शेजाऱ्याचें नुकसान झालें, तर वडीलधारा पुरुष स्वतः जाऊन भरपाई करतो. घराची अब्रू त्यानेंच राहते. परंतु नुकसान भर समुद्रांत झालें आणि देणेंकरी प्रत्यक्ष सरकारच असेल, तर दाद कोठें मागावी? या प्रश्नाचें एक उत्तर १८७२ सालीं जिनीव्हा शहरीं मिळालें, तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या अमेरिकन यादवीनें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आणला, तिच्यांतलीच ही हकीकत. इंग्लंडनें आपण तटस्थ असल्याचें जाहीर केलें होतें. तरी दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांसाठीं बर्कनहेड येथें एक जहाज बांधलें जात होतें. लंडनमधील अमेरिकन वकिलानें पुराव्यासह तक्रार केली. सरकार विचार करीत राहिलें, आणि २९ जुलै १८६२ रोजीं चांचणीच्या मिषानें निघालेलें तें जहाज परत आलेंच नाहीं. तोफा चढवून व ‘आलाबामा’ हें नांव धारण करून त्यानें सुमारें ६५ व्यापारी जहाजें धरलीं व बहुतेक जाळलीं. अखेर १९ जून १८६४ रोजीं शेरबूर बंदराबाहेर अमेरिकन युद्धनौकेनें त्यास बुडविलें.

जळालेल्या जहाजांच्या धन्यांचा दावा अमेरिकन सरकारनें हातीं घेतला. आपल्या अब्रूचा निवाडा परक्यानें करावयाचा नाहीं, असें परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांनीं १८६५ सालीं उत्तर दिलें. परंतु १८७१ च्या वॉशिंग्टनच्या तहांत इंग्लंडनें खेद व्यक्त करून पंचायत मान्य केली. इंग्लंड, अमेरिका, इटली, स्वित्झर्लंड व ब्राझील यांनीं एकेक पंच नेमला. युद्ध लांबल्याचा खर्चही अमेरिकेनें मागितला होता. तो पंचांनीं विचारांत घेतला नाहीं. मात्र तटस्थानें घ्यावयाची योग्य खबरदारी इंग्लंडनें घेतली नाहीं, असें ठरवून १४ सप्टेंबर १८७२ रोजीं त्यांनीं १,५५,००,००० डॉलर सोन्याच्या रूपानें देवविले.

इंग्लंडचे पंच सर अलेक्झांडर कॉकबर्न यांनीं निवाड्यावर सही केली नाहीं. तरीही इंग्लंडनें १८७३ सालीं सारी रक्कम चुकती केली. जगांतील सर्वांत बलाढ्य आरमार ज्याच्या पदरीं, त्यास तें देणें नाकारतां आलें असतें. अब्रूचें कारण सांगून प्रथम पंचायत टाळली गेली. पण आमच्या मतें इंग्लंडची अब्रू राहिली ती पंचांचा शब्द पाळल्यानेंच.