सफरचंदावरची साखरेची काच

अमेरिकेत हॅलोविनला आणि ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला काडीवर खोचलेली, साखरेच्या कवचाची चकचकीत सफरचंदं खातात. घरी ती करताना सगळं लक्ष लाल रंगाकडे जातं. खरी झुंज मात्र पाण्याशी असते. पाक १५० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचतो तेव्हा त्यात जेमतेम एक टक्का पाणी उरतं, म्हणूनच तो गार होताना काचेसारखा कडक होतो. १३० अंशांवरच उतरवला, तर कवच दाताला चिकटतं. थर्मामीटर नसला तर? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा. न वाकता कट्‌कन तुटला की झालं. एकतारी-दोनतारी ओळखणाऱ्या हातांना हे मुळीच अवघड नाही.

पाककृतींत सांगितलेलं कॉर्न सिरप मिळत नाही, ही अडचणही मोठी नाही. त्याचं मुख्य काम स्फटिक रोखणं. थोडा लिंबाचा रस काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करून तेच साधतो. साखर विरघळली की पाक ढवळू मात्र नये. फळावरचं मेण गरम पाण्याने धुऊन, फळ कोरडं पुसावं, नाहीतर कवच सुटून येतं. ‘फ्रिजमध्ये टिकतील की,’ असं कुणी म्हणेल; पण ओलाव्याने कवच पाझरतं. बाहेर ठेवणं त्याहून वाईट, कारण काडीच्या छिद्रातून रस झिरपतो आणि जंतूंना ओल मिळते. अमेरिकेत २०१४ साली कॅरॅमल लावलेल्या पाकीटबंद सफरचंदांतून लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली आणि माणसं दगावली. म्हणून मोजकीच करावीत, त्याच दिवशी संपवावीत. कोकणातल्या पावसाळ्यात तर करूच नयेत.