सोरोरिटी: सही करण्यापूर्वी

अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या विद्यापीठांत ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधीच ‘रश’ सुरू होतो, म्हणजे सोरोरिटींची, विद्यार्थिनींच्या सभासद-संघटनांची, नवी भरती. नव्या मुली आठवडाभर एका सोरोरिटीच्या घरातून दुसरीच्या घरात फिरतात आणि शेवटच्या दिवशी कोणाचं बोलावणं आलं ते कळतं. 2021 मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींचे टिकटॉक व्हिडिओ गाजले आणि हे प्रकरण आपल्याला समजलं असं जगाला वाटू लागलं. पुण्या-मुंबईत शिकताना गॅदरिंग आणि एनएसएसच्या पलीकडे काही न पाहिलेल्या आईबाबांची मुलगी तिकडे कॉलेजला निघाली की घरात प्रश्न येतो, ‘हे नक्की काय असतं?’ आणि उत्तरं बहुधा सिनेमातून शोधली जातात.

‘मुलीला आवडली की सोरोरिटी मिळते.’ नाही मिळत. 1902 मध्ये स्थापन झालेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही 26 सोरोरिटींची शिखर संघटना आहे आणि तिच्या पद्धतीत निवड दोन्ही बाजूंनी होते. एखाद्या फेरीला डोकावून बघा. दार उघडतं, आतल्या मुली टाळ्या वाजवत गाणं म्हणतात, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकीला आतली एकेकजण घेऊन जाते. कुठून आलीस, काय शिकणार, इथे कोणी ओळखीचं आहे का? थोड्या वेळाने दुसरी मुलगी शेजारी येऊन गप्पांत शिरते आणि पहिली अलगद बाजूला होते. हे सगळं आधी तालमी करून बसवलेलं असतं. फेरी संपली की आतल्या मुली पाहुण्यांविषयी मत नोंदवतात आणि पाहुण्या आपला पसंतीक्रम भरतात. दोन्ही याद्या जुळवून पुढच्या फेरीचं वेळापत्रक हाती येतं. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा, फक्त एका दिवसात सात-आठ घरी. त्यामुळे एखाद्या घरून पुढचं बोलावणं आलं नाही म्हणून मुलीत काही खोट आहे असं समजायचं कारण नाही. अर्ध्या तासाच्या गप्पांवर झालेली ती निवड असते.

‘आधी होकार देऊ, नाही पटलं तर दुसरीकडे जाऊ.’ माझ्या मते हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. शेवटच्या फेरीनंतर मुलगी एका करारावर सही करते. त्यात ज्या सोरोरिटींची नावं ती लिहील, त्यांपैकी एकीचं बोलावणं आलं आणि तिने ते नाकारलं, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या मुख्य रशपर्यंत या 26 पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत तिला जाता येत नाही. दीक्षाविधी झाल्यावर तर दार कायमचंच बंद होतं. त्या 26 पैकी एकीची सभासद झालेली मुलगी पुढे राजीनामा देऊनही दुसरीत जाऊ शकत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही, त्या सोरोरिटीचं नाव ‘असू दे यादीत’ म्हणून लिहू नये.

पैशाबद्दलही अशीच गफलत होते. रशची नोंदणी फी म्हणजे सगळा खर्च असं वाटतं. प्रत्यक्षात सभासदवर्गणी वेगळी, पहिल्या सत्रात नव्या सभासदांचं शुल्क वेगळं, आणि घर असेल तर जेवणाचा आणि देखभालीचा आकार बाहेर राहणाऱ्या मुलींनाही पडू शकतो. काही ठिकाणी एखादं वर्ष त्या घरात राहणं सक्तीचं असतं. आकडे कॅम्पसगणिक इतके बदलतात की मैत्रिणीच्या कॉलेजवरून अंदाज बांधू नये. रशच्या काळात हे प्रश्न विचारणं असभ्य समजलं जात नाही. बिनधास्त विचारावं.

एक मजेशीर दंतकथाही आहे. काही कॉलेजांत सोरोरिटींना घरं नसतात, कारण ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका एकत्र राहिल्या तर कायदा त्याला कुंटणखाना मानतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. असा कायदा कोणालाच दाखवता आलेला नाही. कारणं रुक्ष असतात: जागेची किंमत, विद्यापीठाचं धोरण, किंवा नात्यात नसलेल्या किती लोकांनी एका घरात राहावं याचा पालिकेचा नियम.

‘हे फक्त गोऱ्या श्रीमंत मुलींचं.’ याला इतिहास आहे, तो झाकू नये. अलाबामातल्या जुन्या गोऱ्या सोरोरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना डावलल्याचं तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने 2013 मध्ये उघड केलं आणि त्यानंतरच दारं किलकिली झाली. पण चित्र तेवढंच नाही. अल्फा कॅप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची सोरोरिटी 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. कमला हॅरिस तिच्याच सभासद. या परंपरेतल्या सोरोरिटींत ‘रश’ नसतो. माहितीसभा आणि अर्ज अशी वेगळी पद्धत असते आणि पहिल्याच सत्रात सहसा प्रवेश मिळत नाही. दक्षिण आशियाई मुलींनीही 1998 मध्ये आपल्या सोरोरिटी काढल्या: ऑस्टिनला कॅप्पा फाय गामा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा. देशपांडे किंवा कुलकर्णी आडनावाच्या मुलीला त्या 26 सोरोरिटी आणि या दक्षिण आशियाई सोरोरिटी, अशा दोन्ही वाटा खुल्या आहेत. मात्र इकडून एमएस करायला जाणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये. त्या 26 सोरोरिटींचा रश पदवीच्या विद्यार्थिनींसाठीच असतो.

राहिली दारू आणि रॅगिंगची धास्ती. या 26 सोरोरिटींच्या घरांत दारूला बंदी आहे. पार्ट्या होतात त्या बहुतेक मुलांच्या फ्रॅटर्निटींकडे, आणि मुली तिथे जातात हेही खरं. रॅगिंगला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. नियमात बंदी असूनही ते घडतं, त्यामुळे ‘मुलींमध्ये असलं काही नसतं’ यावर विसंबू नका. डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या संघीय कायद्याने सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या कॉलेजांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांचा अहवाल जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. ज्या सोरोरिटीचं नाव यादीत लिहायचं आहे, तिचं नाव आधी त्या अहवालात शोधा आणि खर्चाचा तपशील लेखी मागा. ही दोन्ही कामं रश सुरू होण्याआधी, घरी बसून करता येतात.