'एक गाठ काढली होती' एवढ्यावर भागत नाही. तुकड्याचा रिपोर्ट जपा

कसारा : दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "आधी काही झालं होतं का?" आपल्याकडचं उत्तर ठरलेलं. "काही नाही, एक गाठ काढली होती." पण ती चरबीची गाठ होती, चामखीळ होती की कातडीचा कॅन्सर, हे त्यातून कळत नाही.

पेशंट खोटं बोलतो असं नाही. बऱ्याच घरांत कॅन्सर हा शब्द पेशंटच्या कानावर जाऊच देत नाहीत, मुलगा नाहीतर जावईच डॉक्टरांशी बाजूला बोलतो. पुढे वीस वर्षांनी आजी गाठच सांगणार ना! उलटंही होतं. तुकडा तपासायला पाठवला एवढं ऐकलं की गावभर कॅन्सरची चर्चा, मग रिपोर्ट साधा आला तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. अमेरिकेसारख्या शिकलेल्या देशातही लोकांचं सांगणं आणि रिपोर्ट ताडून पाहिले तेव्हा असाच घोळ निघाला.

एकदा कातडीचा कॅन्सर झालेल्याला दुसऱ्या जागी होण्याचा धोका जास्त असतो. हे माहीत असेल तर डॉक्टर सगळं अंग बघतात, काखेत-जांघेत गाठी चाचपतात. नसेल तर मलम देऊन घरी पाठवतात.

आपल्याकडे हा आजार कमी, त्यामुळे संशयच येत नाही. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकाऱ्यासोबत १९४५ मध्येच धोतराच्या कॅन्सरवर लिहून ठेवलंय. कंबरेला कसलेलं धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घासतं, चट्टा पडतो, चिघळतो. परकराच्या नाडीनेही तेच. भाजल्याच्या जुन्या व्रणातही वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणून 'नाडीने घासलंय', 'लहानपणी चुलीवर भाजलं होतं' हेही डॉक्टरांना सांगायचं.

कसाऱ्याची अडचण आणखी वेगळी. कोणी लोकलने कल्याण-मुंबई गाठतो, कोणी घाट चढून नाशिकला जातो, त्यामुळे कागद दोन्हीकडे विखुरलेले. घरी आणलेले पावसाळ्यात भिजतात. (सातबारा मात्र ट्रंकेत कोरडा असतो!) तुकड्याचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा.

कागद हरवलेच असतील तर वर्ष, दवाखाना, अंगावरची जागा आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दिला होता का, एवढं तरी घरच्यांना विचारून जा. तपासणी केलेल्या लॅबमध्येही चौकशी करा. तिथे काचपट्ट्या आणि मेणातला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, काही वर्षं जपून ठेवतात. तो मिळाला तर मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासता येतो.