अँटेना उत्तर देत नाही : खोडदच्या तीन दशकांचा मागोवा

आर्वीचं विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं आणि जुन्नर तालुक्याचं नाव दूरसंचाराच्या नकाशावर आलं. डोंगरांच्या आडोशाचा, शहरापासून लांबचा हा मुलूख रेडिओलहरींच्या दृष्टीने शांत होता. प्रा. गोविंद स्वरूप यांनी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपसाठी, म्हणजे जीएमआरटीसाठी, याच तालुक्यातलं खोडद निवडलं. या दुर्बिणीबद्दल आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक पल्सार आणि आकाशगंगांबद्दल. तिची निगा राखणाऱ्या माणसांचं खरं कसब मात्र मला दुसरीकडे दिसतं. तीस अँटेनांना हुकूम पोचवणारी आणि त्यांची खबरबात मध्यवर्ती कक्षात आणणारी जी यंत्रणा आहे, तिच्यात.

प्रत्येक अँटेनेचा व्यास ४५ मीटर. चौदा अँटेना खोडदच्या मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, जुन्नर-आंबेगावच्या शेतशिवारात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर. उसाच्या आणि कांद्याच्या रानात उभ्या असलेल्या अँटेनेपाशी रात्री दोन वाजता काही बिनसलं, तर ते आधी खोडदच्या पडद्यावर दिसायला हवं. सगळी मदार त्यावर.

१९९० च्या दशकात जी व्यवस्था बसवली ती त्या काळाला साजेशी होती. प्रत्येक अँटेनेच्या पायथ्याशी एक अँटेना बेस कॉम्प्युटर. खोडदहून ऑप्टिकल फायबरवरून हुकूम त्याच्याकडे यायचा. त्याच्या हाताखाली एमसीएम नावाची छोटी नियंत्रण कार्डं, सगळी आरएस-४८५ च्या एकाच दोनतारी वाटेवर. ज्याचा पत्ता पुकारला त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

कारखान्यात पीएलसी, मीटर, सेन्सर जोडणाऱ्या कुणालाही ही वाट ठाऊक आहे आणि तिचे रोगही. दोन कार्डांना चुकून एकच पत्ता दिला की दोघं एकदम बोलतात आणि हाती कचरा येतो. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध नसेल, तर सिग्नल टोकावरून परततो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला की कोरड्या दिवसात सुरळीत चालणारी लाइन पावसाळ्यात दगा देते. वळवाची वीज कडाडली की इंटरफेसच्या चिप जळतात. हे दोष त्रासाचे खरे, पण प्रामाणिक. लाइन बंद पडते, पडदा लाल होतो, माणूस गाडी काढून निघतो.

घातक दोष वेगळे. सॉफ्टवेअरने तापमान विचारलं, कार्डाला उत्तर द्यायला उशीर झाला, ठरलेली मुदत संपली म्हणून सॉफ्टवेअरने पुढचा प्रश्न टाकला : व्होल्टेज किती? तेवढ्यात आधीच्या प्रश्नाचं उत्तर आलं आणि ते व्होल्टेजच्या रकान्यात बसलं. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एक घर सरकलेलं. आकडे येत राहतात, चेकसमही बरोबर जुळतो, चूक कुठेच दिसत नाही. दुसरा प्रकार त्याहून फसवा. संपर्क तुटलेला असतो, पण पडद्यावर शेवटचा आलेला आकडा तसाच उभा असतो. वाऱ्याच्या वेगाचा आकडा असा गोठला तर? वारा वाढला की ४५ मीटरच्या अँटेनेला तोंड वर करून सुरक्षित उभं करावं लागतं. गोठलेला आकडा त्या वेळी सगळं आलबेल असल्याचं सांगत राहील. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तो कधी घेतला ती वेळ हवी, आणि प्रत्येक उत्तरात कुठल्या प्रश्नाचं उत्तर ती खूण हवी. मोजमापाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

दोष शोधायची रीतही या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली आहे. आधी तारेवरचे कच्चे बाइट बघायचे, मग सॉफ्टवेअरचं ऐकायचं. लाइन मधोमध तोडून कुठला अर्धा भाग बोलतो ते पाहायचं. चांगलं कार्ड काढून संशयिताच्या जागी लावायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खोडदला याच्यावर आणखी एक पेच आहे, जो कारखान्यात नसतो. बोलणारं प्रत्येक उपकरण स्वतः रेडिओलहरी सोडतं. नेहमीच्या इथरनेट कार्डाच्या घड्याळाचं स्फटिक २५ मेगाहर्ट्झचं असतं. त्याच्या पटी १२५, १५०, ३७५ मेगाहर्ट्झवर येतात, आणि सुधारित जीएमआरटीचे दोन पट्टे आहेत १२० ते २५० आणि २५० ते ५०० मेगाहर्ट्झचे. म्हणजे अँटेनेची तब्येत विचारणारं कार्डच तिच्या कानाशी ओरडू शकतं. त्यामुळे इथे संपर्क जुळला एवढ्यावर काम संपत नाही. कार्ड धातूच्या बंद पेटीत, आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तारेला फिल्टर, आणि मग पुन्हा मोजणी, की पेटीतून काही झिरपत तर नाही ना.

४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. पुढच्या दशकात तिचा कायापालट सुरू झाला. एका वेळी ऐकण्याचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला, आणि एमसीएम कार्डंही इथरनेटवर आली. दोनतारी वाटेवरची रांग संपली. चालत्या दुर्बिणीत हे बदल करणं, निरीक्षणं चालू ठेवून एकेक अँटेना नव्या पद्धतीवर नेणं, हे मला या साऱ्या काळातलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

१९ ऑक्टोबर २०१६ चा दिवस या संदर्भात विसरता येत नाही. युरोपीय अंतराळ संस्थेचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण सिग्नल खोडद ऐकत होतं. उतरण्याच्या थोडंसं आधी तो थांबला. चौकशीत कारण निघालं ते आपल्याच विषयातलं. यानाच्या फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर साधारण एक सेकंद कमाल मर्यादेला अडकला. सॉफ्टवेअरने तो आकडा खरा धरला आणि यानाची उंची उणे काढली, म्हणजे यान जमिनीच्या खाली. पॅराशूट लवकर सुटलं, इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालून बंद पडली तेव्हा यान जमिनीपासून अजून काही किलोमीटर उंच होतं, आणि तिथून ते कोसळलं.

अँटेनांवर देखरेख ठेवण्याचा खोडदचा अनुभव पुढे कामी आला. स्क्वेअर किलोमीटर अॅरे या जागतिक दुर्बिणीच्या नियंत्रण सॉफ्टवेअरच्या आखणीत जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने (एनसीआरए) पुढाकार घेतला. त्याचा पाया असलेली टँगो ही प्रणाली मूळची फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन केंद्राची. या जागतिक दुर्बिणीतल्या सहभागासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

आता प्रश्न आपल्याकडे आहे. पुणे-नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गावर जीएमआरटीमुळे आक्षेप आला, आणि परिसरात नाराजी आहे. ती मी समजू शकतो. नारायणगावच्या टोमॅटोला आणि मंचरच्या कांद्याला रेल्वे हवीच. पण रूळ दुसरीकडून नेता येतात, तीस अँटेना हलवता येत नाहीत. आपल्या स्वतःच्या कार्डांचा आवाज पेटीत कोंडणाऱ्या तंत्रज्ञांना गाडीचा आवाज कोंडता येणार नाही. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला जरूर जा, मोबाइल बंद ठेवा, आणि मुलांना अँटेनेबरोबर तिच्या पायथ्याची खोलीही दाखवायला सांगा.