चालत जाणे आणि चालायला जाणे

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे काय आलं. मागच्या वेळी आपण कारण आणि हेतू यांच्यातल्या फरकाबद्दल बोललो आणि आज काय, तर कामावर पायी जाण्याचे फायदे! एका जुन्या विद्यार्थ्याने तर फोन करून विचारलंच, "सर, आता तब्येतीवर बोलणार का?" आम्ही म्हटलं, येऊन ऐक. विषय रोजचा आहे, पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो असा, की काही फायदे आपण त्यांच्या मागे लागलो की निसटतात आणि दुसऱ्याच कामाला निघालो की आपसूक पदरात पडतात. असं का व्हावं?

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत आपण दोन वाक्यं सहज बोलतो. "मी चालत ऑफिसला जातो" हे एक आणि "मी रोज सकाळी चालायला जातो" हे दुसरं. दोन्हींत चालणं आहे, दोन्हींत जाणं आहे. पण पहिल्या वाक्यात 'चालत' ही जाण्याची रीत आहे, हेतू ऑफिस आहे. दुसऱ्या वाक्यात चालणं हाच हेतू आहे आणि जाणं कुठेच नाही, कारण माणूस जिथून निघतो तिथेच परत येतो. पायांना हा फरक कळत नाही. माणसाला मात्र कळतो.

अॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या दुसऱ्या भागात चार प्रकारची कारणं सांगितली आहेत, ती आपण पाहिली. त्यातलं शेवटचं कारण म्हणजे हेतू. तो समजावताना त्याने उदाहरण कशाचं घ्यावं? चालण्याचं! माणूस का चालतो, तर निरोगी राहावं म्हणून. म्हणजे 'चालायला जाणे' हा प्रकार निदान तेवीसशे वर्षांपूर्वी लोकांच्या परिचयाचा होता. आपण त्याला मनगटावरचं यंत्र जोडलं, इतकंच.

हे दोन्ही प्रकार आम्ही स्वतः करून पाहिले आहेत, म्हणून थोडं घरचं सांगतो. आम्ही एकतीस वर्षं महाविद्यालयात शिकवलं. घर सदाशिव पेठेत, पेरूगेटजवळ. तिथून अलका टॉकीजचा चौक, मग लकडी पूल, मग डेक्कन आणि पुढे महाविद्यालय. अंतर साधारण दोन किलोमीटर, म्हणजे पंचवीस मिनिटं. पायी जाण्यामागे काही तत्त्व नव्हतं. सुरुवातीला स्कूटर परवडत नव्हती आणि पुढे परवडली तेव्हा सवय मोडवेना. या एकतीस वर्षांत "आपण व्यायाम करतो" असा विचार एकदाही मनात आला नाही. विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, व्यायामाला वेळ कुठे मिळतो!

निवृत्त झालो आणि दोन वर्षांत वजन वाढलं, रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं चाला. मुलीने मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधला. मग आम्ही बागेत फेऱ्या मारू लागलो. आणि मंडळी, काय सांगावं, इतका कंटाळा आम्हाला परीक्षेचे पेपर तपासतानाही आला नव्हता. लक्ष सगळं आकड्यावर. रात्री साडेनऊला पट्टा सांगायचा की आठ हजार दोनशे, मग उरलेल्या अठराशे पावलांसाठी दिवाणखान्यात येरझाऱ्या. घरच्यांना वाटायचं, यांना कसली तरी काळजी लागली आहे.

हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक उपकरण बाजारात आलं. त्याचं नाव होतं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा संशोधनातून निघालेला नव्हता. तो विक्रीसाठी ठेवलेल्या नावातला होता. पुढे २०१९ साली अमेरिकेत सुमारे सतरा हजार वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय बहात्तर होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे आणखी फरक दिसेना. म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या रात्रीच्या येरझाऱ्या बहुधा फुकट गेल्या.

आता चालण्याने तब्येतीला खरोखर काय मिळतं, ते पाहू. या विषयातला मूळ अभ्यास लंडनच्या बसगाड्यांमधला आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तो १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन माणसं कामाला असत, चालक आणि वाहक. पगार साधारण सारखा, राहणी सारखी, शहर तेच. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटं फाडत दिवसभर जिना चढउतार करणारा. मॉरिस यांना दिसलं की वाहकांमध्ये हृदयविकार कमी आहे आणि झालाच तर सौम्य आहे. यावर शंका येणारच, की चालकाची नोकरी मुळात जाड माणसंच धरत असतील. म्हणून मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली! चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण बारीक असो वा जाड, वाहकाला फायदा होताच.

आमच्या दृष्टीने यातली गंमत अशी, की त्या वाहकांपैकी कुणीही हृदयासाठी जिना चढत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या माणसाचं तिकीट फाडायचं राहिलं होतं, म्हणून तो चढत होता. अॅरिस्टॉटलच्या उदाहरणातला हेतू इथे गैरहजर आहे, तरी फळ हजर आहे.

कामावर जाण्यापुरतं बोलायचं तर २०१७ साली ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पायी कामावर जाणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. एकूण मृत्यूंच्या बाबतीत मात्र पायी जाणाऱ्यांचा फायदा स्पष्ट दिसला नाही, सायकलवाल्यांचा दिसला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आमचं व्याख्यान जाहिरात होईल. शिवाय असे अभ्यास सोबत काय दिसतं ते सांगतात, कशामुळे होतं ते नेहमीच सांगत नाहीत. मागच्या व्याख्यानातला धडा इथेही लागू आहे.

तरी एक साधा हिशेब करून बघा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागणारी. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरत नसत. २०२० पासून ती अटही काढली. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे २५० मिनिटं झाली. वेगळा वेळ काढावा लागला नाही, वेगळे बूट लागले नाहीत आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी "आज जाऊ की नको" असा स्वतःशी वाद घालावा लागला नाही. तास साडेआठला असतो, मुलं बसलेली असतात, आपण निघतो. इच्छाशक्तीवर बोजा नाही. बागेतल्या फेऱ्यांना रोज नव्याने इच्छाशक्ती लागते आणि ती वस्तू आमच्याकडे तरी फार शिल्लक नसते.

इथपर्यंत शरीराचं झालं. आता त्या पंचवीस मिनिटांत काय काय असायचं, ते सांगतो, कारण आमच्या मते खरा फायदा तिथे आहे. कोपऱ्यावर इस्त्रीवाला कोळसे फुलवत असायचा. पेपरवाल्याकडे मथळा वाचून घ्यायचा. पुलावर पाऊसकाळात नदीचं पाणी किती चढलं ते बघायचं. एकदा चपलेचा अंगठा ऐन पुलावर तुटला, तर पाय ओढत चौकापर्यंत मागे आलो आणि त्या दिवशी वर्गात उशिरा पोहोचलो. किरकोळ गोष्टी आहेत. किरकोळ म्हणजे ज्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही अशा. घरी जे सकाळी बोलून बिघडलेलं असायचं, ते पुलापर्यंत निवायचं. पुलानंतर तासाला काय शिकवायचं ते मनात जुळू लागायचं. आम्ही टिपणं घरी काढली, पण व्याख्यानं तयार झाली ती रस्त्यावर. २०१४ साली स्टॅनफर्डमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं की चालताना आणि चालून आल्यावर माणसाला नव्या कल्पना जास्त सुचतात. ते वाचून आम्हाला आश्चर्य वाटलं नाही.

त्या वाटेवर एका बोळाच्या तोंडाशी पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. आत एक गृहस्थ खळीचं भांडं घेऊन बसलेले असत. आमचा प्रबंध त्यांनीच बांधला होता. त्यानंतर वीसेक वर्षं रोज सकाळी ते मान वर करत, आम्ही मान हलवत असू. कधी "काय, चाललात?" एवढंच. निवृत्त झाल्यावर ती वाट सुटली. पुढे कधीतरी एक फाटका शब्दकोश घेऊन तिकडे गेलो, तर दुकानात दुसराच तरुण. काका गेले, म्हणाला, तीन महिने झाले. आम्ही चटका बसल्यासारखे उभे राहिलो. आणि मग लक्षात आलं, आपल्याला यांचं नावसुद्धा माहीत नाही. वीस वर्षं!

नोकरी सुटल्याचं दुःख आम्हाला फारसं झालं नव्हतं. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं. पण वाट सुटली, त्याचा समारंभ कुणी करत नाही. सँडस्ट्रॉम आणि डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली लिहिलं की ज्या दिवशी अशा तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसं अधिक समाधानी असतात. आम्हाला ते उलट्या बाजूने कळलं.

आता अॅरिस्टॉटलकडे परत येऊ. 'मेटाफिजिक्स'मध्ये त्याने क्रियांचे दोन गट केले आहेत. काही क्रिया मुक्कामाला पोहोचेपर्यंत अपुऱ्या असतात. घर बांधणं घ्या. बांधत असताना घर झालेलं नसतं. काही क्रिया मात्र प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. पाहणं घ्या; पाहत असतानाच पाहिलेलं असतं. चालणं त्याने कुठे ठेवलं? अपुऱ्या क्रियांमध्ये, कारण पोहोचेपर्यंत ते संपत नाही. त्याचं बरोबर आहे. पण आम्ही नम्रपणे एक भर घालतो. चालणारा माणूस वाटेत पाहत असतो, ओळखत असतो, विचार करत असतो. या सगळ्या पूर्ण क्रिया आहेत. कामावर जाण्याच्या अपुऱ्या क्रियेच्या पोटात या पूर्ण क्रिया विनासायास घडतात. मुक्काम ठरलेला असल्यामुळे मन मोकळं राहतं. बागेत आम्हाला मुक्काम नव्हता, म्हणून मन आकड्याला चिकटलं.

समोरून एक चिठ्ठी आली आहे. एक ताई विचारतात, "आमचं ऑफिस अठरा किलोमीटरवर आहे आणि आमच्या रस्त्याला पदपथच नाही. आम्ही काय करावं?" ताई, प्रश्न योग्य आहे आणि आमच्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामं करणाऱ्यांना विचारलं होतं की तुम्ही कामावर कसे जाता. देशभरात पाचातला एकाहून अधिक माणूस पायी जात होता. त्यातले बहुतेक आमच्यासारखे मजेत जात नसणार. घरकाम करणाऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन उन्हातून गाड्यांच्या कडेकडेने जातात. त्यांना चालण्याचे फायदे सांगणं म्हणजे थट्टाच. त्यांना पदपथ, सावली आणि रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ हवा. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, चांगलं आहे. पण उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही लोक पायीच असतात. तुमच्यापुरतं म्हणाल तर अठरा किलोमीटर चालू नका. बस किंवा मेट्रोचा शेवटचा एखादा किलोमीटर पायी करता आला तर पाहा. तेवढी एक वाट आपली होते.

आमचं म्हणाल तर पट्टा आता खणात आहे. आम्ही पूर्वी वाचनालयातून तीन पुस्तकं एकदम आणत असू, आता एकेक आणतो. ते संपलं की परत करायला जावं लागतं. मुलगी म्हणते, बाबा, ही स्वतःची फसवणूकच झाली. आम्हाला तसं वाटत नाही. पुस्तक खरंच परत करायचं असतं, कुणीतरी त्याची वाट पाहत असतं. वाट वाकडी करून आम्ही त्या बांधणीच्या दुकानावरून जातो. तो तरुण पुतण्या आहे. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्याचं नाव विचारून घेतलं आणि त्याच्या काकांचंही.

इथे थांबतो. आणखी चिठ्ठ्या असतील तर द्या, घेऊ.