चकचकीत इंजिन की राबलेले इंजिन?

शोकेसमध्ये ठेवलेल्या लहानशा इंजिनाचा रंग उडाला, की आपण काय करतो? काळ्या तेलरंगाची डबी आणतो आणि दोन हात मारून ते चकचकीत करून टाकतो. पाहुणे वाहवा करतात. पण वाफेचे इंजिन रोजच्या कामात कधी असे दिसत होते काय? आमचे म्हणणे एवढेच, की रंग जरूर द्यावा. पण त्यावर कामाच्या खुणाही उमटवाव्यात.

नमुना शोधायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. जांभूळहून बदलापूर स्टेशन गाठले, की पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती उभारली. तिची वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेन्स्टाइन अँड कोपेल या कारखान्याची. सहा चाकांची ही बुटकी इंजिने. अवघड वळणावर अडू नयेत म्हणून पुढचा व मागचा आस थोडा सरकेल अशी त्यांची रचना. सुमारे वीस किलोमीटरचा घाट ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चढत होती. त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. एका फुटाला सोळा मिलिमीटर या मापाने अशा इंजिनाचे मॉडेल केले, तर ते बत्तीस मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालते.

आता कामाची पद्धत. प्रथम मॉडेलचे फोटो काढून ठेवावेत आणि सुटणारे भाग सोडवून डबीत ठेवावेत. साबणाच्या कोमट पाण्याने तेलकटपणा घालवावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा घासू नये, काचपेपर ओला करून घासावा आणि लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. प्लॅस्टिकच्या भागांना थिनर लावू नये, ते विरघळतात. धातूवर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. निव्वळ काळा रंग वापरू नये, लहान वस्तूवर त्याने बारकावे बुजतात. काळ्यात थोडा करडा मिसळावा. चाके आणि फिरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत रंग जाऊ देऊ नये. शेवटी चमक नसलेले वॉर्निश द्यावे.

यानंतर खरे काम सुरू होते. आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. व्हाउचरशिवाय खतावणीत नोंद होत नाही, तसेच कारणाशिवाय इंजिनावर डाग पडत नाही. धुराड्याभोवती आणि केबिनच्या छपरावर काजळी, कारण धूर तिथे बसतो. पुढच्या धूरपेटीचा रंग उष्णतेने करपून करडा होतो. पाणी भरण्याच्या तोंडाखाली आणि बॉयलरच्या झडपांपाशी क्षारांचे पांढरे ओघळ येतात, कारण पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. टाकीच्या खालच्या कडेला गंज, दांड्यांवर तेल व वंगण, कोळशाच्या कप्प्यावर काळी भुकटी. आणि माथेरानचे इंजिन असेल, तर चाकांवर व खालच्या सांगाड्यावर तिथली लाल माती हवीच! खडूची बारीक पूड कोरड्या ब्रशने लावली, की माती दिसते. ओघळासाठी अगदी पातळ रंग वरून खाली ओढावा. हात आखडता ठेवावा. सगळीकडे गंज फासला, तर इंजिन राबलेले नव्हे, भंगारातले दिसते.

एक खूण मात्र हमखास विसरली जाते. वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या एका वयस्क गृहस्थांना आम्ही असे एक मॉडेल दाखवले. मुलांनी काजळी, गंज सर्व काही केले होते. त्यांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "पोरांनो, माणूस कुठं आहे ह्यात?" मग त्यांनी केबिनच्या दाराचा दांडा आणि पायरी दाखवली. रोज हात लागतो तिथला रंग जातो, आतले लोखंड चमकते. बूट पडतो तिथे पायरी झिजते. मुलांनी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने तिथे घासली, आणि इंजिनात जणू माणूस चढला.

ह्या माणसाची आठवण आपल्या समाजाने तरी पुसू नये. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की आपला माणूस वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. त्याला पोर्टरचीही जागा सहसा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तिथे विटाळ आड येतो! रुळांवर ज्यांनी घाम गाळला, त्यांची नावे कोणत्याही इंजिनाच्या पितळी पाटीवर कोरली गेली नाहीत. झिजलेला दांडा आणि घासलेली पायरी, एवढीच काय ती कामगाराची सही.

म्हणून वाचकहो, घरातले जुने मॉडेल किंवा खेळण्यातले इंजिन रंगवायला घ्याल, तेव्हा मुलांना सोबत बसवा. प्रत्येक डागाचे कारण त्यांना विचारा. वस्तीत रेल्वेतून निवृत्त झालेले कोणी आजोबा असतील, तर रंग लावण्याआधी त्यांना गाठा. त्यांच्यापाशी असलेली माहिती कोणत्याही रंगाच्या डबीवर छापलेली नसते, आणि ती विचारून घेण्याचे दिवस फार उरलेले नाहीत.